लेहचा विमानतळ: दोन कळसूबाईंच्या उंचीवर उतरताना

लेहच्या विमानात मी एक गोष्ट दर वेळी करते. विमान वर जाऊन स्थिरावलं की पाण्याच्या बाटलीतलं निम्मं पाणी पिऊन टाकायचं आणि बूच घट्ट लावून बाटली समोरच्या खिशात ठेवायची. कुठल्याही प्रवासात उतरताना अशी बाटली चेपते, कडकड वाजत आत बसते. लेहला उलटं होतं. विमान खाली येत असतं आणि बाटली टम्म फुगत जाते. शिडी लागल्यावर बूच सैल केलं की फुस्सकन हवा बाहेर पडते.

माझ्याबरोबर आलेल्या प्रत्येकाला मी ही बाटली हातात धरायला लावते, कारण तोंडाने कितीही सांगितलं तरी पटत नाही ते यातून लगेच पटतं. विमानातली हवा मुद्दाम दाबून ठेवलेली असते. बाहेर पस्तीस हजार फूट उंची असली तरी आत फार तर आठ हजार फुटांवर असावी तेवढी विरळ हवा असते. लेहचा विमानतळ मात्र 10,682 फुटांवर आहे, म्हणजे 3,256 मीटर. आकाशात असताना जेवढी हवा मिळत होती त्याहून कमी हवा जमिनीवर पाय ठेवल्यावर मिळणार! समुद्रसपाटीला एका श्वासात जितका प्राणवायू मिळतो त्यातला साधारण एक तृतीयांश इथे वजा झालेला असतो.

आपल्या माणसांना समजावं म्हणून मी कळसूबाईचा हिशोब सांगते. कळसूबाई 1,646 मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर 3,292. लेहची धावपट्टी त्या वरच्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम 36 मीटर खाली येते. आणि दिल्लीहून आपण ती उंची सव्वा-दीड तासात, खुर्चीत बसून, सँडविच खात चढतो. पायांना काही कळलेलं नसतं. कळतं ते छातीला आणि डोक्याला, तेही काही तासांनी.

गेली चौदा वर्षं मी ज्येष्ठांच्या सहली घेऊन लडाखला जाते. या विमानतळाविषयी लोक जे लिहितात ते बहुतेक दुकानं, गर्दी, कॉफी, स्वच्छतागृह याबद्दल असतं. तेही महत्त्वाचं आहे, पण लेहची गुणवत्ता त्यावर ठरवणं मला पटत नाही. हा विमानतळ लडाखचं दार तर आहेच, शिवाय लडाखची पहिली परीक्षाही आहे, आणि ती उतरल्यापासून पहिल्या तासातच सुरू होते. तुम्ही या जागेत कसे वागता यावर तुमचे पुढचे सात दिवस अवलंबून असतात. म्हणून मी त्याच अंगाने लिहिणार आहे.

आधी उतरण्याबद्दल, कारण पैसे वसूल होतात ते तिथेच. दिल्ली सोडल्यावर थोड्याच वेळात सपाट हिरवं संपतं, डोंगरांच्या घड्या सुरू होतात, मग बर्फ. झांस्करच्या रांगा पार झाल्या की रंगच बदलतो. तपकिरी, राखी, मध्येच जांभळट डोंगर, त्यावर गवताची काडी नाही. मग खाली सिंधू दिसते. नदीच्या दोन्ही काठांना हिरवी किनार आणि बाकी सगळं कोरडं. विमान दरीत शिरतं तेव्हा डोंगर खिडकीच्या खाली नसतात, खिडकीच्या बाजूला असतात. पहिल्यांदा जाणारी माणसं इथे गप्प होतात. घाबरण्याचं कारण नाही. या विमानतळासाठी वैमानिकांना वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, तेव्हाच त्यांना इथे विमान आणता येतं. सहसा उतरायचं एका बाजूने आणि उडायचं त्याच बाजूला तोंड करून, कारण पुढे डोंगर आहेत आणि धावपट्टीलाही चढ आहे.

धावपट्टीच्या पश्चिम टोकाला एका टेकडीवर स्पितुकचा मठ आहे. पांढऱ्या भिंती, खाली उतरत गेलेल्या खोल्या. विमान त्याच्या शेजारून येतं. विमानतळाला ज्यांचं नाव आहे ते कुशोक बकुला रिंपोचे याच मठाचे प्रमुख लामा होते. ते लोकसभेवर निवडून गेले, 1990 पासून दहा वर्षं मंगोलियात भारताचे राजदूत होते, 2003 मध्ये वारले. देशात थोरामोठ्यांची नावं असलेले विमानतळ पुष्कळ आहेत. पण ज्यांचं नाव, त्यांचंच राहतं ठिकाण धावपट्टीच्या टोकाला उभं आहे आणि येणारं प्रत्येक विमान तिथून जातंय, असं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मी गटातल्या लोकांना हे विमानातच सांगते, कारण उतरल्यावर बोलण्यात श्वास घालवायचा नसतो.

आता मुख्य भाग. मी 2023 च्या जूनमध्ये सोळा जणांना घेऊन गेले होते, सगळ्यात मोठ्या आजी 74 वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. तेव्हा जुनीच छोटी इमारत वापरात होती आणि शेजारी नव्या मोठ्या इमारतीचं काम चाललेलं होतं. शिडीने खाली उतरलो. सकाळचे आठ वाजायचे होते. ऊन इतकं स्वच्छ की डोळे मिटावेत आणि सावलीत गेलं की स्वेटर लागावा. आजी शिडीच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या, कठड्याला धरून म्हणाल्या, "मला काहीच होत नाहीये गं. उगाच घाबरवलंस."

हेच ऐकायची मला सवय आहे. पहिल्या तासात कुणालाच काही होत नाही. उलट थंड कोरडी हवा, निळं आभाळ, भोवती बर्फाचे डोंगर, माणसाला अंगात उत्साह भरल्यासारखं वाटतं. मग तो बॅग स्वतः उचलतो, ट्रॉलीसाठी धावतो, फोटोसाठी इकडून तिकडे जातो. संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं.

म्हणून माझा नियम असा, की सामान येण्याच्या पट्ट्याजवळ गेलं की सगळ्यांनी खुर्च्या धरायच्या. पट्ट्याकडे फक्त मी आणि गटातले दोन धडधाकट. त्या दिवशी सामानाला वेळ लागला. कुणीतरी कुरकुर केली. मी म्हटलं, लागू दे. लेहला सामानाला वेळ लागणं ही मला सोय वाटते. तेवढा वेळ माणूस बसून राहतो. मी रक्तातला प्राणवायू मोजणारं छोटं ऑक्सिमीटर बोटाबोटाला लावत फिरले. 88, 91, 86, 84. आजींचं 83. घरी 97-98 पाहायची सवय असलेल्या माणसाला हे आकडे पाहून धडकी भरते, पण उतरल्या उतरल्या इथे असे आकडे नेहमीचे आहेत. आजींच्या नखांकडे मी नीट पाहिलं, ती जराशी निळसर झाली होती. बोलताना धाप नव्हती, डोकं दुखत नव्हतं. त्यांना म्हटलं, "काकू, आता टॅक्सीपर्यंत चाकाच्या खुर्चीतून जायचं." त्या म्हणाल्या, "मी पर्वती रोज चढते." मी म्हटलं, "पर्वतीवर हवा आहे."

चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवली होती. साठीच्या पुढच्या प्रत्येकाला माझा आग्रहाचा सल्ला आहे की इथे लाजू नका. ही खुर्ची पाय चालत नाहीत म्हणून नसते. जिने आणि सामान ओढणं एवढे दोन श्रम वाचले तरी पहिल्या दिवसाचा अर्धा त्रास टळतो. त्या दिवशी खुर्ची ढकलणारा लडाखी मुलगा इतका सावकाश चालत होता की मला वाटलं आजींसाठी चालतोय. मग लक्षात आलं की तिथली सगळीच माणसं तशी चालतात. दारातल्या माणसाने "जुले" म्हटलं. नमस्कार, धन्यवाद, या, निघा, सगळ्यासाठी हा एकच शब्द. आजींनी हात जोडून "जुले" म्हटलं आणि तो शब्द त्यांनी पुढचे आठ दिवस सोडला नाही.

उंचीच्या त्रासाबद्दलच्या सूचना विमानात आणि विमानतळावर दोन्हीकडे दिल्या जातात. पहिले 24 ते 48 तास विश्रांती, भरपूर पाणी, दारू नाही, धावपळ नाही. बहुतेक लोक त्या ऐकत असतानाच टॅक्सीवाल्याशी दुपारच्या फिरण्याचं बोलत असतात. मला हे बघवत नाही आणि त्याला कारण आहे.

2012 साली मी एका पर्यटन कंपनीत नोकरीला होते. त्यांचा कार्यक्रम ठरलेला: सकाळी लेहला उतरायचं, दुपारी शांती स्तूप, दुसऱ्या दिवशी खारदुंग-ला. खारदुंग-ला म्हणजे साडेसतरा हजार फुटांवरची खिंड. मला तेव्हा वाटायचं, इतके लोक जातात, आपणही जाऊ. गटात 63 वर्षांचे एक काका होते. पहिल्या संध्याकाळी त्यांचं डोकं दुखत होतं, पण सगळ्यांचा विरस नको म्हणून ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. खिंडीतून परत आल्यावर जेवले नाहीत. रात्री एक वाजता त्यांच्या पत्नीने दार वाजवलं. काका उशांना टेकून बसले होते, आडवं होता येत नव्हतं, प्रत्येक श्वासाला छातीत बुडबुड आवाज येत होता. फुप्फुसात पाणी होत होतं.

लेहच्या सरकारी रुग्णालयात त्यांना प्राणवायू लावला. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला, "विमानाने कधी आलात?" मी म्हटलं, परवा सकाळी, आणि ते म्हणताना मला सगळं समजलं. काका वाचले. दोन दिवसांनी सकाळच्या विमानाने मी त्यांना खाली दिल्लीला पाठवलं आणि दिल्लीत उतरल्यावर त्यांचा फोन आला की श्वास मोकळा आहे. त्या हंगामानंतर मी ती नोकरी सोडली. आता माझ्या कार्यक्रमात पहिले दोन दिवस कोरे असतात. जेवा, झोपा, गच्चीत बसा, थोडं चाला. लोक विचारतात, दोन दिवसांचे पैसे फुकट का घालवायचे. मी त्यांना ही गोष्ट सांगते.

त्या रुग्णालयाचं नाव सोनम नोरबू स्मारक रुग्णालय. हे सोनम नोरबू कोण, ते मला नंतर कळलं. 1948 मध्ये काश्मीरसाठी भारत-पाकिस्तान युद्ध सुरू होतं, हल्लेखोर लेहकडे येत होते आणि लेहला कुमक पोहोचवायला रस्ता नव्हता. तेव्हा लडाखचे अभियंते सोनम नोरबू यांनी स्थानिक माणसं हाताशी धरून सिंधूच्या काठच्या या माळावर कच्ची धावपट्टी तयार करून दिली. 24 मे 1948 रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे डकोटा उतरवलं. बरोबर मेजर जनरल थिमय्या होते. डकोटात हवा दाबून ठेवायची सोय नव्हती. हिमालयाच्या रांगा ओलांडून ती माणसं त्याच विरळ हवेत बसून आली. ज्यांनी लेहला विमानं आणली त्यांच्याच नावाच्या रुग्णालयात आज विमानाने घाईने आलेल्या माणसांना श्वास दिला जातो. त्या रात्री तिथल्या बाकावर बसून मी हे नाव भिंतीवर कितीदा वाचलं असेल, अर्थ कळायला मात्र वर्ष गेलं.

काही जण विचारतात, मग विमान नकोच, रस्त्याने का जाऊ नये? श्रीनगरकडून, कारगिलला मुक्काम करत गेलात तर उत्तम. चढ हळूहळू होतो, शरीर जुळवून घेतं. मनालीकडून मात्र "सावकाश चढ" हा गैरसमज आहे. त्या वाटेवर लोक सरचूला तंबूत रात्र काढतात आणि सरचू लेहच्या विमानतळापेक्षाही हजारभर मीटर उंच आहे. तिथे झोपण्यापेक्षा लेहला विमानाने उतरून दोन दिवस पडून राहणं मी पसंत करते. गुडघे, कंबर, वय यांचा विचार करता ज्येष्ठांना विमानच बरं. हृदयाचा, फुप्फुसाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. उंचीवर घ्यायच्या गोळ्यासुद्धा त्यांनाच विचारून.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी आणखी एक, आणि हे मला फार कळकळीने सांगायचंय. लेहची विमानं बहुतेक सगळी सकाळची. मग आपली माणसं काय करतात, पुण्या-मुंबईहून रात्रीच्या विमानाने दिल्ली गाठतात आणि रात्रभर विमानतळावरच्या खुर्चीत बसून पहाटेचं विमान पकडतात. जागरण, पाणी कमी, चहा-कॉफी जास्त, पोट बिघडलेलं. अशा अवस्थेत माणूस एकदम साडेदहा हजार फुटांवर जातो. हॉटेलचे पैसे वाचतात आणि पहिले दोन दिवस डोकं धरून बसण्यात जातात. आदल्या दुपारी दिल्लीत पोहोचा, जेवून नऊला झोपा, मग पहाटे निघा. दिल्लीतल्या मुक्कामावर खर्च होणारे पैसे लेहमधल्या कुठल्याही चांगल्या खोलीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

विमानं सकाळचीच का, हेही लोक रागाने विचारतात. ऊन चढलं की उघडे डोंगर तापतात, दरीत वारा उठतो आणि दुपारपर्यंत असे झोत वाहायला लागतात की विमान उतरवणं धोक्याचं. शिवाय हवा आधीच विरळ, तापली की आणखी विरळ. इंजिनाला जोर कमी मिळतो, पंखांना उचल कमी मिळते. म्हणून लेहहून निघताना विमानात वजन मोजून मापून भरतात. सामानाच्या मर्यादेवर काउंटरवर वाद घालू नका. जर्दाळू, गालिचे, दगडी वस्तू घ्या जरूर, पण मर्यादेत, किंवा टपालाने पाठवा.

आणि परतीला एक दिवस हाताशी ठेवा. एकदा आम्ही दिल्लीहून लेहच्या वर पोहोचलो, खाली ढग भरलेले. दोन चकरा मारून वैमानिकाने सांगितलं की परत जातोय. विमानात आरडाओरडा झाला. मला मात्र वैमानिकाचा आवाज ऐकून त्याच्याबद्दल आदर वाटला. डोंगरांच्या मधोमध ढगात शिरायचं नाही, एवढा निर्णय त्याने दीडशे माणसांसाठी घेतला होता. आमच्यातल्या दोघांनी पुढची तिकिटं स्वतंत्र काढलेली होती, त्यांचे पैसे बुडाले. तेव्हापासून मी परतीचं लेह-दिल्ली आणि दिल्ली-मुंबई एकाच तिकिटावर काढते आणि मध्ये किमान पाच तास ठेवते.

बाकी बारीकसारीक. हा हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी इमारत त्याच्या एका कडेला. त्यामुळे फोटो मना. जवान सौम्यपणे सांगतात, पण एकदाच सांगतात. निघतानाची तपासणी कडक असते. माझ्या सुरुवातीच्या फेऱ्यांत तर विमानात चढण्यापूर्वी आपापलं सामान ओळखून दाखवावं लागायचं. वेळ हाताशी ठेवून जा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, गटात दोघांकडे तरी पोस्टपेड असू द्या. टॅक्सीचे दर टॅक्सी युनियनने ठरवलेले असतात, घासाघीस करण्यात दम घालवू नका. खाण्यापिण्यासाठी या विमानतळावर अवलंबून राहू नका, पिशवीत खजूर, शेंगदाण्याचे लाडू असले की झालं. हिवाळ्यात गेलात तर या छोट्या जागेकडे वेगळ्या नजरेने पाहाल: बर्फाने श्रीनगरकडची झोजी-ला खिंड आणि मनालीची वाट बंद झाली की हाच लडाखचा श्वास असतो. आजारी माणूस, परीक्षेला निघालेला विद्यार्थी, ताजी भाजी, सगळं इथूनच.

त्या जूनमध्ये आजींना पहिल्या दिवशी थोडं डोकं दुखलं, रात्री झोप तुटक लागली, दुसऱ्या दिवशी दुपारी भूक लागली. भूक लागली की मी निर्धास्त होते. तिसऱ्या सकाळी ऑक्सिमीटरवर 90 आलं. म्हटलं, आता जवळच जाऊ, स्पितुकला. गाडी वरपर्यंत जाते, पुढच्या पायऱ्या त्यांनी दर पाचव्या पायरीला थांबत चढल्या. मठाच्या गच्चीतून अख्खी धावपट्टी खाली पसरलेली दिसते. कॅमेरे पिशवीतच ठेवले. सिंधूच्या बाजूने विमानाचा आवाज आला, मग विमानच आलं, आमच्या शेजारून खाली उतरत गेलं आणि धावपट्टीवर टेकलं. शिडी लागली. मुंगीएवढी माणसं खाली उतरून लगबगीने इमारतीकडे चालायला लागली.

आजींनी कठडा धरून बराच वेळ पाहिलं. मग माझा हात दाबून म्हणाल्या, "अगं, त्यांना कुणीतरी बसायला सांगा."